हाराला चार बोटं जागा

सोलापुरात जिवंत माणसांपेक्षा गेलेली माणसं जास्त देखणी दिसतात, आणि याला जबाबदार एकच गृहस्थ आहेत. ते माझे साडू. शहराच्या पूर्व भागात कुठल्याही घरात शिरा, नाहीतर थेट मैंदर्गीपर्यंत जा, आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या शेजारी बघा. चंदनाचा नाहीतर प्लास्टिकचा हार घालून जे कोणी आजोबा, मामा, काकू तुमच्याकडे नजर रोखून बघत असतील, त्यांतले निम्मेशिम्मे तरी आमच्या साडूंनी तिथे बसवलेले आहेत. त्यांचा फोटोस्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे दहा बाय बाराचा गाळा, एक पांढरा पडदा, दिव्यांच्या दोन छत्र्या आणि एक निळं प्लास्टिकचं स्टूल. लग्नं, बारशी, डोहाळजेवणं सगळं ते काढतात, पण त्यांचा जीव रमतो तो एकाच कामात. माणूस गेल्यावर लागणारा फोटो माणूस असतानाच काढून ठेवायचा. या एका सवयीपायी मी गेली तीस वर्षं त्यांच्यावर रागावलेलो आहे. पहिली अठ्ठावीस वर्षं ते चुकीचे आहेत म्हणून, आणि शेवटची दोन ते बरोबर होते म्हणून. हा दुसरा राग पहिल्यापेक्षा वाईट असतो, आणि तो कुणावर काढताही येत नाही.

साडूंच्या लेखी फोटोचे प्रकार दोनच. एक करमणुकीचा आणि एक कामाचा. केक कापताना, डोंगरावर उभं राहून, नातवाला खांद्यावर घेऊन काढतात तो करमणुकीचा. त्याबद्दल त्यांची काही तक्रार नसते आणि मतही नसतं. कामाचा फोटो म्हणजे माणूस एकटा, पाठीमागे कोरं, चेहरा सरळ, दोन्ही कान दिसताहेत, नजर कॅमेऱ्यात, आणि डोक्यावर चार बोटं मोकळी जागा. ही चार बोटं हाराची. हार घातल्यावर कपाळच झाकलं तर माणूस ओळखायचा कसा, असा त्यांचा रोकडा सवाल असतो, आणि तो ते समोर स्टुलावर बसलेल्या, चांगल्या धडधाकट माणसालाही विचारतात. गिऱ्हाईक तेलुगू बोलणारं, कानडी बोलणारं, दखनी बोलणारं. साडूंना मराठीशिवाय एकही भाषा धड येत नाही. पण एक वाक्य त्यांना चार भाषांत येतं. इटु चूडंडी, इल्लि नोड्री, इधर देखो जी, आणि माझ्याकडं बघा. एवढ्या एका वाक्यावर त्यांनी चाळीस वर्षं संसार केला. ते वाक्य ते इतक्या अजिजीने म्हणतात की भोकाड पसरलेलं तान्हं पोरसुद्धा घटकाभर गप्प होऊन त्यांच्याकडे बघतं.

त्यांना हा नाद लागला त्याला कारण आहे. माणूस गेला की घरचे लोक सकाळी सकाळी त्यांच्या दारात येतात, आणि हातात काय असतं, तर कुठल्यातरी लग्नातला ग्रुप फोटो. गेलेला माणूस तिसऱ्या ओळीत, कुणाच्या तरी फेट्याच्या मागे, अर्धा. त्यातून साडूंनी पुरा माणूस बाहेर काढायचा. अशा वेळी कमी पडेल ते ते दुसरीकडून आणतात. एका गृहस्थांना त्यांनी एकदा दुसऱ्याच माणसाचे कान लावून दिले. मुलं, सुना, भाऊबंद सगळ्यांनी फोटो उत्तम म्हणून नेला. आठवड्याने त्या गृहस्थांची बायको एकटी दुकानात आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "समदं बरोबर हाय. कान तेवढं त्यांचं न्हाईत." साडू दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हापासून दोन्ही कानांचा नियम आला. कोटाचंही तसंच. त्यांच्या कॉम्प्युटरात एक काळा कोट होता आणि तो त्यांनी निम्म्या जिल्ह्याला घातला होता. सांगोल्याकडच्या एका मेंढपाळ आजोबांनाही घातला. आजी फोटो परत घेऊन आली. कोटात मला त्यो वळकंना, म्हणाली. साडूंनी तिच्यासमोर कोट काढला, सदरा घातला, खांद्यावर घोंगडं दिलं, आणि तो कोट कॉम्प्युटरातून कायमचा पुसून टाकला.

एवढंच असतं तर मी त्यांना संत म्हटलं असतं. पण हे गृहस्थ कुठल्याही कार्याला जाताना ते निळं स्टूल गाडीला बांधून नेत. मांडवात जेवणाच्या पंगती चाललेल्या असताना हे मागच्या भिंतीला स्टूल लावून साठीच्या पुढच्या पाहुण्यांना एकेक करून हेरत. माझ्या सख्ख्या चुलत्याला त्यांनी साठीशांतीच्या दिवशीच बसवलं. चुलते रात्रभर छातीवर हात ठेवून झोपले. कोणी आजारी असलं की साडू भेटायला जात ते मनापासूनच जात, पण खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी असे. ती पिशवी दारात दिसली की पेशंटचा चेहरा पडे आणि नातेवाईक चहा न विचारता त्यांना जिन्यापर्यंत पोचवून येत. फक्त माझ्या सासूबाई त्यांच्यावर खूश होत्या. दर दिवाळीला त्या स्वतःहून नवं लुगडं नेसून स्टुलावर बसत. मागच्या वर्षीचा ठेवू नको, त्यात मी म्हातारी दिसते, असं जावयाला बजावत. अशा अकरा दिवाळ्या झाल्या. शेवटी कुठला लावायचा यावरून मुलींची भांडणं लागली.

आता माझं सांगतो. मी कचेरीत कारकून होतो, निवृत्त झालो, आणि निवृत्त माणसाला जे व्हायचं ते मला झालं. मी भारी कॅमेरा घेतला. शहरातल्या हौशी छायाचित्रकारांच्या एका मंडळात गेलो. तिथे आम्हाला शिकवणारे एक तरुण सर होते. ते म्हणाले की चेहरा हा फोटोतला सगळ्यात सोपा भाग आहे, चेहरा कोणीही काढतो, खरा कलावंत पाठ काढतो. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते घरी येऊन बायकोला ऐकवलं. मंगल तेव्हा कडक भाकरीला तेल लावत होती. तिने विचारलं, म्हणजे आता मी तुमच्याकडे पाठ करून बसायचं का. मी हो म्हणालो, आणि ती हसत हसत खरंच पाठ करून बसली. ती माझी पहिली कलाकृती. त्यानंतर मी तिची पाठ काढली, अंबाडा काढला, भिंतीवर पडलेली सावली काढली, पीठ लागलेले हात काढले, उंबऱ्यातली पावलं काढली. फोटो काढताना मी एकच वाक्य म्हणायचो, "इकडे बघू नकोस." साडूंचं वाक्य आणि माझं वाक्य शेजारी शेजारी ठेवून बघा. मी ते हल्ली रोज ठेवून बघतो.

मंडळाची सहल निघाली. शनिवारी पहाटे निघायचं, दुपारी रत्नागिरीच्या अलीकडच्या एका किनाऱ्यावर पोचायचं, सूर्यास्त काढायचा, रविवारी सूर्योदय काढायचा आणि परत. मिनीबसमध्ये जागा उरल्या, तेव्हा मंगलने मोठ्या बहिणीला, म्हणजे अक्कांना, चल म्हटलं. अक्कांनी समुद्र बघितला नव्हता. अक्का येणार म्हणजे साडू येणार, आणि साडू येणार म्हणजे स्टूल येणार, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पहाटे बसच्या टपावर आमच्या तिपायांच्या शेजारी ते निळं स्टूल दोरीने बांधलेलं पाहिलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांनी हे काय म्हणून विचारलं. गुडघे दुखतात त्यांचे, असं मी खोटं सांगितलं. सांगोल्याच्या पुढे डाळिंबांच्या बागांवर कोवळं ऊन आलं तसे सगळे खाली उतरून वाकून, झोपून, पालथे पडून फोटो काढू लागले. साडूंनी तेवढ्या वेळात ड्रायव्हरशी गट्टी केली, त्याला शेंगाचटणी-भाकरी दिली आणि त्याचा दोन्ही कानांसकट एक फोटो काढला.

समुद्र पाहिल्यावर अक्का आणि मंगल दोघी बहिणी लुगडी-साड्या पोटरीपर्यंत उचलून पाण्यात शिरल्या त्या बाहेर यायला तयार होईनात. दुष्काळी मुलखातल्या माणसाला एवढं पाणी दिसलं की तो आधी गप्प होतो आणि मग बावचळतो. अक्का पाण्याला नमस्कार करत होत्या, मंगल ओंजळीत पाणी घेऊन परत तिथेच टाकत होती. साडूंनी मात्र समुद्राकडे एकदा बघितलं, पाणी लई हाय म्हणाले, आणि मागे वळले. संध्याकाळी आम्ही सगळे एका रांगेत तिपाया रोवून सूर्याकडे तोंड करून उभे राहिलो. आणि आमच्या मागे, वाळूवर, या गृहस्थांनी सुरूच्या दोन झाडांना दोरी बांधून पांढरी चादर अडकवली, पुढे स्टूल मांडलं आणि स्वतः समुद्राकडे पाठ करून कॅमेरा डोळ्याला लावला. मावळतीचा उजेड चेहऱ्यावर सपाट पडतो, सावली पडत नाही, असला उजेड दुकानात हजार रुपये टाकून मिळायचा नाही, असं ते म्हणत होते. शहाळीवाला झाला, खानावळीची मालकीण झाली, अक्का झाल्या. लोक ओळ धरून उभे होते. त्या सूर्यास्ताचे आम्ही नऊ जणांनी मिळून हजारभर फोटो काढले असतील. त्या सूर्यास्ताचा काही उपयोग केला तो एकट्या साडूंनी.

मी सहज मागे वळून बघितलं तर स्टुलावर मंगल बसलेली. पदर नीट घेऊन, केस मागे सारून, हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या मुलीसारखी ताठ. साडू तिला सांगत होते की पंधरा वर्षं झाली, तुजा नवा न्हाई काढलेला, बँकेच्या पासबुकातलाच शेवटचा. जुना कॉम्प्युटर जळाला त्यात तोबी गेला. ती म्हणत होती की घरात फोटोग्राफर आहे ना दाजी, म्हणून राहिलं. हे मी ऐकलं. मंडळाच्या लोकांनीही ऐकलं, आणि त्यांतला एक जण गालात हसला. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. मी वाळूतून तरातरा गेलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो,

"ऊठ तिथून. आणि साडू, माझ्या बायकोला जितेपणी भिंतीला टांगायचं नाही. कळलं?"

साडूंनी कॅमेरा खाली घेतला. "बरं," म्हणाले. एवढंच. मंगल उठली. तिचा चेहरा कसा झाला होता हे मला सांगता येत नाही, कारण मी तो बघितला नाही; उजेड चालला होता आणि मला घाई होती. मी तिला लांबच्या खडकाकडे चालत जायला सांगितलं. पाठ माझ्याकडे, पाण्याच्या कडेने, सावकाश. थोडं गेल्यावर ती थांबली आणि मान न वळवताच तिने विचारलं, "आता तरी बघू का?" मी म्हणालो, "इकडे बघू नकोस." तो फोटो फार चांगला आला. मंडळाच्या प्रदर्शनात त्याला दुसरं बक्षीस मिळालं. लोकांनी मला विचारलं की ही बाई कोण, आणि मी हसून म्हणालो की ते महत्त्वाचं नाही.

आठ महिन्यांनी मंगल गेली. सकाळी डोकं दुखतंय म्हणाली, दुपारी दवाखान्यात बोलेनाशी झाली, आणि तिसऱ्या दिवशी गेली. चौथ्या दिवशी मुलगा म्हणाला, बाबा, आईचा चांगला फोटो काढून द्या. मी कॉम्प्युटर उघडला. काय नव्हतं त्यात? मंगलची पाठ साठ तऱ्हांनी होती. अंबाडा होता, बांगड्या होत्या, सावली होती, पावलं होती. मुलाच्या लग्नातले फोटो होते, पण त्यात पार्लरवालीने तिला इतकं रंगवलं होतं की त्या दिवशी सख्ख्या बहिणीने ही कोण म्हणून विचारलं होतं. मोबाइलमधल्या फोटोंत ती कडेला, वाढत असलेली, डोळे मिटलेली. एका ठिकाणीही ती नीट माझ्याकडे बघत नव्हती. बघणार कशी? मी छत्तीस वर्षं तिचा नवरा होतो आणि त्यांतली शेवटची तीन तिचा फोटोग्राफर.

मी पेनड्राइव्ह आणि पासबुक घेऊन साडूंच्या दुकानात गेलो. किनाऱ्यावरच्या त्या संध्याकाळनंतर आम्ही धड बोललो नव्हतो. त्यांनी मला आत घेतलं आणि माझे सगळे फोटो एकेक करून पाहिले. तासभर लागला. मला वाटत होतं की या माणसाने आता मला दोन शब्द सुनावावेत, चार बोटं, दोन कान, सगळं काढावं. त्यांनी तसलं काही केलं नाही. शेवटचा फोटो बघून झाल्यावर म्हणाले, "समुद्र लई चांगला आलाय तुमचा." ते टोमणा म्हणून म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी विचारलं की त्या दिवशी मी ओरडण्याआधी त्यांनी एकदा बटण दाबलं होतं का. चुकून तरी? त्यांनी मान हलवली. "तुमी नको म्हनला. मी बोट काढलं."

मग ते कामाला लागले. पासबुकातल्या फोटोत मंगल चाळिशीतली होती, आणि बँकेचा गोल शिक्का तिच्या डाव्या कानावरून गालावर आलेला. मुलगा फोनवर म्हणत होता की तरुणच राहू द्या, छान दिसते. साडूंनी ऐकलं नाही. यातली मंगल गेली नाही, गेली ती वेगळी, असं म्हणाले आणि तिला पंधरा वर्षांनी मोठी करायला बसले. कॉम्प्युटरकडे बघतच ते मला विचारू लागले. शेवटी शेवटी कानात काय घालायची, कुड्या का रिंगा? गालावर वांग आला होता, तो कंच्या बाजूला? मी आठवू लागलो. मला अंबाड्यातली प्रत्येक बट आठवत होती. पाठीवरच्या ब्लाउजची शिवण आठवत होती. वांग कुठल्या गालावर, ते आठवेना. साडूंनी दोनदा विचारलं नाही. पडद्यामागे बसून होत्या त्या अक्का तिथूनच म्हणाल्या, "डाव्या. बोटभर. आन कुड्या, आईच्या."

साडूंनी अक्कांना बाहेर बोलावलं, स्टुलावर बसवलं. रडून सुजलेल्या डोळ्यांनी अक्का बसल्या. साडू म्हणाले, माझ्याकडं बघा. चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोलासुद्धा हा माणूस कॅमेऱ्यामागून अहोजाहो करतो हे मला त्या दिवशी कळलं. अक्कांचा डावा कान त्यांनी मंगलला लावला. सख्ख्या बहिणीचा, एकाच घरातला कान, तरी तो त्यांच्या मनाला येईना. संध्याकाळपर्यंत ते त्या कानाच्या पाळीशी झटत होते. फोटो घेऊन जाताना मी किती द्यायचे विचारलं तेव्हा मात्र त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे रागाने बघितलं.

तो फोटो आमच्या बैठकीत आहे. वर चार बोटं जागा आहे आणि हार तिथे बरोब्बर बसतो. येणारे म्हणतात, हुबेहूब. मंगल आता दिवसभर सरळ माझ्याकडे बघते, आणि नजर मीच चुकवतो. डोळे तिचे आहेत, वय साडूंनी दिलेलं आहे, कान अक्कांचा आहे, आणि माझं त्यात काहीही नाही. सणावाराला अक्का येतात तेव्हा माझं लक्ष सारखं त्यांच्या डाव्या कानाकडे जातं. त्यांना ते कळतं. त्या पदर थोडा मागे घेतात.

परवा मी साडूंच्या दुकानात गेलो. काही निमित्त नव्हतं. कॅमेरा मी केव्हाच भाच्याला देऊन टाकला आहे. साडू थकलेत, हात थरथरतो, बटण दाबताना आता ते श्वास रोखून धरतात. चहा झाला. मग मी उठलो आणि न विचारता त्या निळ्या स्टुलावर जाऊन बसलो. तीस वर्षांत पहिल्यांदा. ते उठले, दिव्याची छत्री सारखी केली, माझी कॉलर नीट केली, कॅमेऱ्यामागे गेले आणि बराच वेळ तिथून बघत राहिले.

"साडू, जरा उजवीकडं सरका," म्हणाले.

मी मधोमध तर बसलो होतो. मी कशाला म्हणून विचारलं.

"पुढंमागं जोडीचा करायचा झाला तर मंगलला जागा पायजे की."

मी सरकलो. डाव्या अंगाला एक माणूस बसेल एवढा पांढरा पडदा मोकळा राहिला.

"आता माझ्याकडं बघा," साडू म्हणाले, आणि मी बघितलं.